पब्लिश ओव्हरराइड करताना आयओएक्सेप्शन आडवं आलं तर

जावाच्या लॉगिंगमधला हँडलर (लॉगच्या नोंदी बाहेर लिहिणारा क्लास) एक्सटेंड करून स्वतःचा पब्लिश (एकेक नोंद लिहिणारी त्याची मेथड) लिहिला, आत फाईलीत राइट, आणि कंपायलर आयओएक्सेप्शन (वाचता-लिहिताना येणारी एरर) बाहेर फेकूच देईना, कारण मूळ पब्लिशला थ्रोजच नाही, म्हणजे असं एक्सेप्शन बाहेर जाऊ शकतं असं त्यात जाहीरच केलेलं नाही. काल पणजीत पावसात लाईट ये-जा करत होती त्यात माझा तासभर यातच गेला.

१. राइटभोवती ट्राय-कॅच घाला.
२. कॅचमध्ये हँडलरचीच रिपोर्टएरर मेथड बोलवा, तिला मेसेज (नल पण चालतो), पकडलेलं एक्सेप्शन आणि एररमॅनेजर (हँडलरच्या एरर हाताळणारा क्लास) मधला राइट_फेल्युअर, म्हणजे लिहिणं फसल्याचा कोड, द्या. कॅच रिकामा ठेवला तर लॉग गायब होतात नि पत्ताच लागत नाही.

फक्त कॅचमधून परत त्याच लॉगरला हाक मारू नका, तो पुन्हा याच पब्लिशला बोलवतो, गोलगोल फिरत शेवटी स्टॅकओव्हरफ्लो. आणि हो, डिफॉल्ट एररमॅनेजर पहिलीच एरर छापतो, पुढच्या गिळतो.