नॉर्मल कर्व्हच्या पेपरआधी: टेबलवरचं चित्र बघितलंत का?

मागच्या सेमला स्टॅट्सच्या पेपरात नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचा हातचा प्रश्न मी घालवला आणि एटीकेटी लागली. येत नव्हता म्हणून नाही, टेबल (कर्व्हखालच्या क्षेत्रफळांचा छापील तक्ता) नीट बघितलं नाही म्हणून. यंदा ज्यांचा हा पेपर आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

पेन, हॉल तिकीट, कॅल्क्युलेटर तुमचं तुम्ही बघा. आकडे विरार लोकलमध्ये उभ्याने पण पाठ होतात, कर्व्ह काढता येत नाही, त्यामुळे चित्राचं काम घरी बसून करा, निदान दहा वेळा. घंटेसारखा, मीनच्या, म्हणजे सरासरीच्या, दोन्ही बाजूंना सारखा, मीन, मेडियन (मध्यक), मोड (बहुलक) एकाच जागी, खालचं एकूण क्षेत्रफळ 1. शेपट्या एक्स-अक्षाला टेकवू नका, कितीही लांब गेल्या तरी त्या टेकत नाहीत, याचे मार्क कापतात. आणि वरून खाली येताना कर्व्हचा बाक कुठे उलटा होतो ते बघा, तो बरोबर मीनपासून एक सिग्मावर (सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, डेटा किती पसरलाय त्याचं माप) होतो, म्हणजे सिग्मा चित्रात डोळ्यांनी दिसतो. मीन बदलला की कर्व्ह नुसता सरकतो. सिग्मा दुप्पट केला की पसरतो आणि उंची निम्मी होते, कारण क्षेत्रफळ 1 च राहायला हवं. एवढं कळलं की निम्म्या प्रॉपर्टीज पाठच कराव्या लागत नाहीत.

आता टेबल. टेबलच्या डोक्यावर छोटं चित्र असतं, त्यात कुठला भाग रंगवलाय ते बघा. झेड म्हणजे आकडा मीनपासून किती सिग्मा लांब आहे ते. एका प्रकारात 0 पासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं, दुसऱ्यात पार डावीकडून झेडपर्यंतचं, झेड 1 असेल तर पहिलं 0.3413 दाखवतं आणि दुसरं 0.8413. मी क्लासच्या नोट्समधल्या पहिल्या टेबलवर महिनाभर सराव केला, परीक्षेत आलं दुसरं, 1 च्या उजवीकडचं क्षेत्रफळ हवं होतं म्हणून सवयीने 0.5 मधून वजा केलं आणि उत्तर आलं मायनस 0.3413. क्षेत्रफळ मायनस असूच शकत नाही हे मला माहीत होतं, तरी घाईत मायनस खोडला आणि पुढे गेले. खरं उत्तर 0.1587. पुढचे उपप्रश्नही तसेच गेले. चित्र छापलेलं नसेल तर झेड शून्यासमोर बघा: 0.0000 असेल तर पहिलं, 0.5000 असेल तर दुसरं. दोन्ही टेबलांवर सराव करा, प्लीज, दोन्हींवर.

एन कंसात 50, 16 असं दिलं तर 50 हा मीन, 16 हा व्हेरियन्स म्हणजे सिग्माचा वर्ग, सिग्मा 4. आपल्या नोट्समध्ये तरी असंच लिहितात, गणितात शब्दांत काय दिलंय ते मात्र वाचा.

मीनच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन सिग्माच्या आत अनुक्रमे 68.27, 95.45, 99.73 टक्के डेटा येतो. समजा कॉलेजला पोचायला मीन 40 मिनिटं आणि सिग्मा 5, तर शंभरातले साधारण 95 दिवस 30 ते 50 मिनिटांत. पण दिसेल त्या डेटाला हा कर्व्ह लावू नका. मुंबईचा रोजचा पाऊस घ्या, वर्षातले कितीतरी दिवस शून्य, शून्याच्या खाली जायला जागाच नाही, आणि दुसऱ्या टोकाला 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. याला दोन बाजू सारख्या कुठून असणार? थिअरीत हे उदाहरण चालतं.

बाकी पटापट. क्वार्टाइल (डेटाचे चार सारखे भाग करणारे बिंदू; पहिला आणि तिसरा) मीनपासून 0.6745 सिग्मावर, मीन डेव्हिएशन (मीनपासूनचं सरासरी अंतर) साधारण सिग्माच्या चार पंचमांश, स्क्यूनेस (एका बाजूला कललेपणा) 0, मधल्या 95 टक्क्यांसाठी झेड 1.96. या कर्व्हचा इतिहास विचारला तर गणिती द म्वाव्र 1733, गाऊस 1809.

पेपरच्या दिवशी प्रत्येक गणितात आधी कर्व्ह, मग रंगवलेला भाग, मग टेबल. उत्तर मायनस आलं किंवा 1 च्या वर गेलं तर थांबा, खोडू नका, टेबल परत बघा. टेबल हातात पडलं की झेड शून्यासमोर काय छापलंय ते आधी वाचा, सीट नंबर नंतर लिहा.