वासरोधक कपडे घालूनही हरीण बिचकतंय? या चुका टाळा

नोव्हेंबरची संध्याकाळ, विस्कॉन्सिनच्या नैऋत्येकडचं डोंगराळ ओकचं रान. मादी पायवाटेनं निवांत चरत येते, पंचवीस यार्डांवर थबकते, ओलं नाक वर करते, पुढचा पाय एकदा आपटते आणि फुत्कारून पांढरी शेपटी उभारत झाडीत गडप होते. वर मचाणावर बसलेल्या माणसाच्या अंगावर चांगला महागाचा वासरोधक सूट असतो. मग सूट खोटा निघाला का?

सरळ सांगायचं तर हे कपडे वास कमी करतात, संपवत नाहीत. धनुष्यबाणानं वीस-तीस यार्डांवरून शिकार करणाऱ्याला त्या कमी झालेल्या वासाचा उपयोग होऊ शकतो. रायफल घेऊन दीडशे यार्डांवर नजर ठेवणाऱ्यानं तेच पैसे चांगल्या दुर्बिणीवर घालावेत. एवढ्या अंतरावर वाऱ्याची बाजू सांभाळली की पुरतं. हे लिखाण अमेरिकेत परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ, सांबर, भेकर यांच्या शिकारीला बंदी आहे. तिकडे लपणात बसून फोटो काढणाऱ्यांना मात्र यातला वाऱ्याचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

कापड काय करतं, ते आधी समजून घ्या

बऱ्याच वासरोधक कपड्यांत सक्रिय कार्बन असतो. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाची नळी असते ना, तीच जात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमच्या आतल्या भिंती पसरल्या तर क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. वासाचे रेणू त्या भिंतींना चिकटतात. भिंती भरल्या की काम थांबतं, आणि दमट हवेत पाण्याची वाफही त्याच जागा अडवते.

दुसरा प्रकार चांदीचे कण बसवलेल्या कापडाचा. घामाला वास येतो तो मुख्यतः त्यावर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे, आणि चांदी त्यांची वाढ रोखते. म्हणून चांदीचं कापड अंगालगतच्या थरात बरं आणि कार्बनचं बाहेरच्या. उलट घालणारे बरेच दिसतात.

या दाव्यांवर अमेरिकेत खटलाही झाला. २००७ मध्ये मिनेसोटात शिकाऱ्यांनी जाहिरातींविरुद्ध दावा लावला. २०१० मध्ये संघीय जिल्हा न्यायालयानं ‘वास नाहीसा करतो’ यासारखे दावे खोटे ठरवले, तर २०११ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. २००२ मध्ये शोधकुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कार्बनच्या कपड्यांतली माणसं हुडकताना कुत्र्यांना विशेष अडचण आली नाही. फरक पडला तो हवामानामुळे. कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, पण दोघांचंही जगणं नाकावर चालतं.

चूक पहिली आणि सर्वांत महाग: सूट आहे म्हणून वारा न बघणं

हवामानाच्या अ‍ॅपवरचा वारा हा मोकळ्या जागेतला, जमिनीपासून दहा मीटरवर मोजायच्या पद्धतीचा असतो. रानात, घळीत, उतारावर तो तसा वाहत नाही. अ‍ॅप ‘वायव्य, ताशी सहा मैल’ म्हणत असताना मचाणाखाली हवा आग्नेयेकडून येताना सापडते, कारण टेकडीच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा मागे वळतो.

पावडरची बाटली दाबून वारा बघायची सवय चांगली, पण तो ढग दहा-बारा फुटांवर दिसेनासा होतो. तुमचा वास तिथून पुढे कुठे जातो, ते कळतच नाही. त्यापेक्षा मिल्कवीडची बोंडं गोळा करा. हे झाड आपल्या रुईच्या कुळातलं. बोंड उकललं की लहानपणी पकडायला धावायचो ती म्हातारीच बाहेर पडते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोंडं वाळू लागली की दहा-बारा तोडून कागदी पिशवीत ठेवा. मचाणावर बसल्यावर चिमटीत एकच म्हातारी धरा, बी तोडून टाका आणि सोडून द्या. बी काढल्यानं ती हलकी होते आणि हवेचा बारीकसा ओढही दाखवते. दुर्बिणीतून साठ-सत्तर यार्डांपर्यंत तिच्यावर नजर ठेवा. ती वीस यार्ड सरळ जाऊन एकदम खाली बसली, तर तुमचा वासही तिथेच बसतोय. त्या ठिकाणावरून हरणांची वाट जात असेल, तर जागा बदला. कपडे बदलून काही होणार नाही.

एकदा सोडून भागत नाही. बसल्या बसल्या एकदा, सूर्य वर आल्यावर एकदा आणि सावली लांबल्यावर पुन्हा. डोंगराळ भागात पहाटे गार हवा उताराखाली ओघळते. ऊन पडल्यावर उतार तापतो आणि हवा वर चढू लागते. संध्याकाळी उतारावर सावली आली की पुन्हा खाली. ताशी चार-पाच मैलांचा मंद वारा असेल, तर हा चढ-उतार त्यालाही दाबून टाकतो. म्हणून संध्याकाळी ओढ्याच्या वर बसणं धोक्याचं. दिवसभर बरोबर असलेला वारा शेवटच्या अर्ध्या तासात तुमचा सगळा वास ओढ्यात ओततो, आणि हरणं त्याच वेळी तिथून निघतात. सकाळी नऊनंतर बसायचं असेल, तर हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसा.

चूक दुसरी: ड्रायरमध्ये फिरवलं की सूट नवा झाला असं समजणं

कारखान्यात वापरलेला कार्बन पुन्हा कामाचा करायला साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. घरचा ड्रायर साठ-सत्तर अंशांच्या आसपास असतो. एवढ्या उष्णतेनं कार्बनमधली ओल जाते आणि हलके, लवकर उडणारे रेणूही बरेचसे निघतात, म्हणून ड्रायर फिरवणं फुकट जात नाही. पण तेल, धूर, साबणातली सुगंधी द्रव्यं यांचे जड रेणू तिथेच राहतात. पाण्याच्या फिल्टरची नळी ओव्हनमध्ये ठेवून कोणी पुन्हा बसवत नाही. इथेही तोच हिशेब ठेवा. सूटला आयुष्य असतं, आणि ते कसं वापरलं यावर ठरतं.

दर चार-पाच वापरांनंतर, शिवाय पावसात भिजल्यावर लगेच, लेबलवर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला ड्रायर फिरवा. ड्रायरमध्ये आधीचे सुगंधी कपडे किंवा सुगंधाचे कागद फिरले असतील, तर आधी दोन ओले जुने टॉवेल टाकून एक फेरी घ्या. नाहीतर ड्रमला बसलेला लॅव्हेंडर थेट कार्बनमध्ये जाईल.

चूक तिसरी: कपाट स्वयंपाकघराला लागून

मराठी घरात हे फार घडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. कार्बनला माणसाचा घाम आणि हिंगाची फोडणी यांतला फरक कळत नाही. हॉलमधल्या कोट टांगायच्या कपाटात सूट ऑगस्टपासून लटकत असेल, तर लसणाची फोडणी, तळणीचा धूर, उदबत्ती आणि कापूर यांनी त्याची छिद्रं हंगाम सुरू व्हायच्या आधीच भरलेली असतात. तळणीच्या धुरातलं तेल सर्वांत वाईट, कारण ते ड्रायरनंही निघत नाही. सूट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा नवा असेल तर बेकिंग सोड्याच्या पाण्यानं धुऊन दोन-तीन दिवस उन्हात उघडा ठेवा, प्लास्टिकचा वास जाईपर्यंत. डांबराच्या गोळ्या त्याच्या आसपासही नकोत. घरातून निघताना सूट अंगावर नको, डब्यातच गाडीत. गाडीतल्या सीटला कॉफी, पेट्रोल, कुत्रा, सगळ्याचा वास असतो. कपडे रानाच्या कडेला उतरल्यावर बदलायचे.

केसांचं खोबरेल तेलही हंगामात रात्री लावून सकाळी बसायला जाऊ नका. टोपीच्या पट्टीत ते उतरतं आणि धुतलं तरी रेंगाळतं.

चूक चौथी: पूर्ण कपडे घालून मचाणापर्यंत चालणं

शून्याखाली तापमान असलं तरी सामान घेऊन अर्धा मैल चढ चढला की पाठ भिजते. सगळे थर अंगावर असतील तर घाम आतल्या थरात जिरतो, पुढचे चार तास हळूहळू उडत राहतो आणि कॉलरमधून, बाह्यांतून बाहेर पडतो. कार्बन त्यातला थोडाच पकडतो. शिवाय ओल्या कपड्यांत थंडी वाजते, माणूस हलतो आणि हरणाला दिसतो. खरं तर कित्येकदा हरीण या हालचालीनं बिचकतं आणि बोल वासाला लागतो.

चालताना अंगावर पातळ आतला थर आणि एक विजार एवढंच ठेवा, जाड जाकीट पिशवीला बांधा. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. नेहमी पंधरा मिनिटं लागत असतील तर पंचवीस धरा. झाडाखाली पोहोचल्यावर पाच-सात मिनिटं उभे राहा, मान आणि काख कोरड्या फडक्यानं पुसा, आतला थर ओला असेल तर बदला आणि ओला थर बंद पिशवीत टाका. मग जाकीट, मग हार्नेस (मचाणावरून पडू नये म्हणून झाडाला बांधून ठेवणारे पट्टे), मग चढणं. बंदुकीच्या हंगामात इतर शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून भडक केशरी कपडे घालायचा नियम चालतानाही पाळा. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच केशरी रंग लागतो, इतर राज्यांचे आकडे वेगळे आहेत. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही.

ज्या वस्तू कोणी धूत नाही

सूटची काळजी घेणारे पुष्कळ, पण हार्नेसचे पट्टे, पिशवीचे खांद्यावरचे पट्टे, टोपीची आतली पट्टी, हातमोजे, दुर्बिणीचा गळ्यातला पट्टा आणि बाण सोडायच्या यंत्राचा मनगटाचा पट्टा वर्षानुवर्षं घाम पितात. पिशवीचा खांद्याचा पट्टा नाकाशी धरून बघा, आंबूस भपकारा येईल. हे सगळं हंगामाआधी कोमट पाण्यात बिनवासाच्या साबणानं हातानं धुवा आणि सावलीत वाळवा. हार्नेस ड्रायरमध्ये कधीही नको. त्यावर तुमचा जीव टांगलेला असतो.

तोंडाचं काय? स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत-बाहेर करतो. ती कुठल्याही कपड्यातून गाळून जात नाही. आदल्या रात्रीचा कांदा-लसूण श्वासात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

धुण्याच्या, फवाऱ्याच्या, ओझोनच्या चुका

कार्बनचा सूट प्रत्येक वेळी धुऊ नका. मळला तरच धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नको, कारण तो धाग्यावर मेणचट थर चढवतो आणि छिद्रं बुजतात. नेहमीच्या साबण-पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चमकद्रव्य असतं, ते अतिनील प्रकाशात निळसर उजळतं. हरणाची नजर निळ्या टोकाकडे तीक्ष्ण असते, त्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडात हे नडतं.

बेकिंग सोडा असलेला फवारा घामातल्या आंबट आम्लांवर चालतो, पेट्रोल किंवा तेलावर नाही. फवारा बूट, पिशवी, धनुष्य यांवर मारा. कार्बनचं कापड भिजवलं तर छिद्रांत पाणी जाऊन उलटच होतं. पाइनचा वास पाइन नसलेल्या रानात मारू नका. हरणांना ओढायला वापरतात त्या हरणाच्या लघवीच्या बाटल्यांवर काही राज्यांत बंदी आहे, कारण हरणांमधला झिजवणारा प्रायॉन रोग (बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा) तिच्यातून पसरू शकतो. आपल्या राज्याची नियमपुस्तिका बघूनच घ्या.

वास मारायला ओझोन वायू सोडणारं यंत्र कपड्यांच्या बंद पिशवीत बरं काम करतं. पण माणूस असलेल्या खोलीत किंवा गाडीत ते चालवणं फुप्फुसांना घातक आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी कमी आहे. ओझोन रबर आणि इलॅस्टिकही कुजवतो. बूट आणि हार्नेस त्यापासून लांब ठेवा.

बुटांबद्दल एकच: रबरी, गुडघ्याखालपर्यंतचे, आणि विजार बुटाच्या आत. ते घालून पेट्रोल पंपावर उतरू नका.

हरीण नेमकं कशाला बिचकलं, ते वाचायला शिका

पुढच्या वेळी हरीण पळालं की लगेच सूटला बोल लावू नका. ते कुठे उभं होतं ते आधी बघा. नाक वर करून, तुमच्याकडे न बघता फुत्कारलं आणि ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे तुमच्याकडून वारा जातो त्या बाजूला होतं, तर वास हवेतून गेला. त्याच जागी म्हातारी सोडून खात्री करा. मान खाली-वर हलवत थेट मचाणाकडे बघत पाय आपटला, तर त्यानं आकार किंवा हालचाल पाहिली. तुमच्यामागे आकाश मोकळं आहे का ते तपासा. आणि वारा बरोबर असताना, तुम्ही चालत आलात त्या वाटेवर येताच नाक जमिनीला लावून ते उलटं फिरलं, तर गडबड बुटांची किंवा वाटेतल्या फांद्यांना घासलेल्या हातांची. ती वाट सोडा, त्यांच्या वाटेला न ओलांडणारी दुसरी वाट कापा आणि त्या मचाणाला चार-पाच दिवस विश्रांती द्या.