काडेपेटीचे छाप जमवताना या चुका टाळा

काडेपेटीवरचे चित्र जेमतेम दोन इंचांचे असते, पण तेवढ्या जागेत वाघ, कमळ, जहाज किंवा किल्ली दोन-तीन रंगांत अशी ठसठशीत बसवलेली असते की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दुकानात हवी ती पेटी बोटाने दाखवता यावी. या मांडणीच्या मोहाने अनेक जण छाप जमवू लागतात. सुरुवातीच्या उत्साहात होणाऱ्या चुका मात्र पुढे सहसा दुरुस्त होत नाहीत, कारण हा कागद पातळ आणि हलक्या प्रतीचा असतो.

सर्वांत मोठे नुकसान लेबल पेटीवरून काढताना होते. जुन्या पेट्या लाकडाच्या पातळ पट्टीच्या असत आणि लेबल त्यांवर खळीने डकवलेले असे. ते कोरडेच नखाने किंवा ब्लेडने उचकटले की कागदाचा मागचा थर लाकडावर राहतो आणि चित्र विरते. गरम पाणी तर वापरूच नये. पिवळ्या जमिनीवर लाल कोंबडा असलेले एक लेबल मी घाईने कढत पाण्यात सोडले होते; पाहता पाहता तुऱ्याचा रंग साऱ्या पिवळ्यावर पसरला आणि कोंबड्याची नुसती बाह्यरेषा उरली. त्याची खंत आजही वाटते. आधी ओल्या कापसाचे टोक लेबलाच्या कडेला टेकवून रंग सुटतो का ते पाहावे. सुटत नसेल, तर पेटी साध्या पाण्यात लेबलाची बाजू खाली करून ठेवावी. खळ मऊ झाली की कागद आपण होऊन अलग होतो. तो बोटांनी न ओढता खाली दुसरा कागद सरकवून उचलावा आणि टीपकागदावर वाळवावा, वर्तमानपत्रावर नव्हे, कारण त्याची शाई ओल्या कागदावर उमटते. रंग सुटत असेल, तर लेबल पेटीसकट ठेवावे. तशी पेटी मला तरी सुट्या लेबलापेक्षा अधिक मोलाची वाटते.

पुठ्ठ्याच्या पेट्यांवर चित्र थेट छापलेले असते. तेथे जोडाची कड सोडवून सगळे वेष्टण सपाट करावे. केवळ चित्राची बाजू कात्रीने कापून घेणे ही फार नेहमीची चूक आहे, कारण गावाचे नाव, काड्यांची संख्या आणि किंमत बहुधा उरलेल्या बाजूंवर असते आणि काळ ठरवायला हाच मजकूर उपयोगी पडतो.

‘शंभर वर्षांपूर्वीचे लेबल’ असे विक्रेत्याने सांगितले की तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. काडेपेट्या बनवणारी विमको कंपनी १९२३ साली स्थापन झाली आणि अंबरनाथचा कारखाना तिचाच, त्यामुळे तिचे नाव असलेले लेबल त्याआधीचे असू शकत नाही. तमिळनाडूतल्या शिवकाशीत काडेपेटीचा उद्योग सुरू करणारे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार तो शिकण्यासाठी कलकत्त्याला गेले ते १९२२ साली. शिवकाशीच्या पेट्यांची गणतीही त्यानंतरच सुरू होते. किंमत ‘नवे पैसे’ अशा शब्दांत छापलेली असेल, तर लेबल साधारणपणे १९५७ ते १९६४ या काळातले धरावे. पत्त्यात पिनकोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे होय. पिनकोड नसणे हा मात्र ते जुने असल्याचा पुरावा नव्हे. रुपयाचे नवे चिन्ह २०१० मध्ये आले. पेटीची किंमत २००७ मध्ये ५० पैशांवरून एक रुपया आणि १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये झाली, म्हणून अगदी आजची साधी पेटीही किंमत दिसेल अशीच जपावी.

एकच छाप दुसऱ्यांदा मिळाला की ‘हा आहे आपल्याकडे’ म्हणून तो देऊन टाकू नये. दोन्ही लेबले शेजारी ठेवून भिंगाखाली पाहावीत. वाघाच्या पट्ट्यांची संख्या, अक्षराचे वळण, रेषेबाहेर सरकलेला रंग किंवा नावातले एखादे बदललेले अक्षर यांवरून वेगळी छपाई, वेगळा कारखाना किंवा सरळ नक्कल उघडकीस येते.

सेलोटेप, डिंक आणि चिकट पानांचे अल्बम टाळावेत. त्यांचे पिवळे डाग जात नाहीत. फोटो बसवायचे कागदी कोपरे पुरेसे असतात. लेबल कोठे व कधी मिळाले ते मागे शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने पानावर लिहावे. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यापूर्वी आणि नंतर सगळी पाने उलटून कसर व बुरशी पाहावी.

पूर्ण पेट्या जमवणाऱ्यांनी काड्या आधी काढून टाकाव्यात. काडीच्या गुलातले पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या घासायच्या पट्टीवरचा तांबडा फॉस्फरस एकमेकांवर घासले की पेट घेतात, आणि कपाटात दाटीने रचलेल्या पेट्या सरकवताना एखादी फुटली तर तेवढेही पुरते.