काटा आधी काढा! रोजच्या धावपळीत आपण सगळेच करतो त्या चुका

मी बारावीत आहे, सायन्सला. कराडपासून थोडं आत गाव आमचं. घरापासून फाट्यापर्यंत सायकल, फाट्यावरून एसटी, मग कॉलेज, असं रोजचं. मागच्या जूनमध्ये माझी सायकल एकाच आठवड्यात तीनदा पंक्चर झाली, मागचंच चाक, आणि दरवेळी भोक आधीच्या ठिगळाच्या अगदी शेजारी. पहिल्या दोन वेळी मी आणि भावानं घरीच पंक्चर काढलं होतं, घमेल्यात पाणी घेऊन, बुडबुडे बघून, सगळं नीट. तिसऱ्यांदा फाट्यावरच्या पंक्चरवाल्या अण्णांकडे गेले तर त्यांनी ट्यूबकडे बघितलंसुद्धा नाही आधी. टायर हातात घेतला, आतून हळूहळू बोट फिरवत फिरवत गेले, एका जागी थांबले आणि पकडीनं बाभळीचा एवढासा मोडका काटा ओढून काढला. बाहेरून दिसतच नव्हता तो! म्हणाले, "पोरी, काटा काढल्याबिगर ठिगळ लावून काय उपेग?"

हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलंय की आता काहीही बिघडलं, अगदी आईशी भांडण झालं तरी मी आधी स्वतःला विचारते, काटा काढला का? म्हणून वाटलं, आपल्या वयाच्या सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहावं, जे मला या दीड वर्षात कळलं ते.

सायकलपासूनच सुरू करू

पंक्चर काढताना ट्यूब बाहेर ओढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरला कुठे होता तिथे पेनानं खूण करून ठेवा. नंतर ट्यूबचं भोक सापडलं की ट्यूब टायरवर धरायची, व्हॉल्व्ह खुणेला लावायचा, म्हणजे काटा टायरमध्ये साधारण कुठे असेल ते लगेच कळतं. ट्यूब उलटी धरली गेली असेल तर तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला बघायचं, म्हणजे शोधायच्या जागा दोनच. बोट फिरवताना मात्र हळू, काटा बोटात जातो, मी अनुभवानं सांगते.

दुसरी चूक म्हणजे घाई. सोल्युशन लावलं की लगेच ठिगळ चिकटवायचं नसतं. आधी काचपेपरनं ती जागा घासायची, सोल्युशन पातळ पसरायचं आणि मग थोडा वेळ थांबायचं, बोटाला ओलं लागेनासं झालं की मग ठिगळ दाबायचं. ओल्यावर लावलेलं ठिगळ दोन दिवसांत सुटतं आणि आपण ठिगळाला नावं ठेवतो.

आणि हवा एकदम न जाता रात्रभरात हळूहळू जात असेल तर ट्यूब उघडूच नका आधी. व्हॉल्व्हच्या तोंडावर जराशी थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर आतली ती बारकी रबरी नळी खराब झालीय, ती बदलली की काम झालं, काही रुपयांत. साखळी सारखी पडते त्यांच्यासाठी: परत चढवून बसू नका, मागचं चाक पुढे सरकून साखळी सैल झालेली असते. मागचे दोन्ही नट ढिले करा, चाक सरळ मागे ओढा, साखळी मध्यभागी वरखाली अर्धा इंचभर हलेल एवढं ठेवून नट आवळा. एकदम ताणून ठेवली तर पायडल जड जातं.

सकाळी जाग येत नाही म्हणून पाच अलार्म

माझी एसटी सहा चाळीसची. चुकली तर पुढची आठला, म्हणजे पहिलं लेक्चर गेलं. अकरावीत मी अलार्म लावायचे पाच, पाच मिनिटांच्या अंतरानं, आणि पाचही बंद करून झोपायचे, आणि मग आई पदर खोचून दारात. आईचा दिवस साडेचारला सुरू होतो, गोठ्यातलं सगळं उरकून परत मला उठवायचं, तिला किती त्रास होत असेल याचा विचार मी केलाच नव्हता, हे आता वाईट वाटतं.

अलार्म हे ठिगळ आहे. काटा रात्रीचा आहे. आपल्या वयात शरीरातलं झोपेचं घड्याळच जरा पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा तयार होतं, त्यामुळे दहाला आडवं झालं तरी डोळा लागत नाही ते खरंच आहे, आपण आळशी नाही (हे घरच्यांना नक्की वाचून दाखवा). पण झोप मात्र आठ ते दहा तास लागते या वयाला. मग उशिरा येणाऱ्या झोपेला आपण मोबाइल हातात घेऊन अजून लांबवतो, आणि रविवारी बारापर्यंत झोपून ते घड्याळ अजूनच पुढे ढकलतो, सोमवारी सहाला उठणं म्हणजे मग मध्यरात्रीच उठल्यासारखं.

मी काय केलं सांगते. मोबाइल रात्री साडेनऊला चार्जिंगला, पण माझ्या उशाशी नाही, देवघराशेजारच्या बोर्डला. आज्जीचं चावीचं घड्याळ मागून घेतलं, ते तिनं कधीपासून कपाटात जपून ठेवलेलं, ते वाजलं की अख्खं घर उठतं त्यामुळे पळत जाऊन बंद करावंच लागतं. रविवारी तासभरच जास्त झोपायचं. आणि उठल्या उठल्या चूळ भरून थेट अंगणात, उजेडात. पहिला आठवडा फार जड गेला, रडूच यायचं, तिसऱ्या आठवड्यात मी आईच्या हाकेआधी उठले तर आई माझ्याकडे बघतच राहिली आणि काही न बोलता चहात आलं घातलं, मला आवडतं म्हणून.

डबा!!

यावर मी सगळ्यात जास्त लिहू शकते. होतं असं की आई सकाळी तव्यावरून उतरलेल्या चपात्या गरम गरम डब्यात, वर भाजी, झाकण फट्ट बंद, पळ. दुपारी उघडलं की चपातीचा खालचा थर ओला गिच्च, आणि आपण घरी येऊन म्हणतो चपात्या चांगल्या नव्हत्या. चपात्या चांगल्याच होत्या ओ. वाफेला बाहेर जायला जागाच नव्हती, तिचं पाणी झालं आणि ते चपातीनं पिऊन घेतलं. उपाय एवढाच की चपात्या पाच-दहा मिनिटं सुती कापडावर सुट्ट्या टाकायच्या, वाफ गेली की मग घडी. आणि हे काम आईचं नाही, आपलं आहे, आपण वेणी घालतो तेवढ्या वेळात चपात्या गार होतात.

उसळ किंवा रस्सा आंबतो त्याचंही तेच, गरम बंद केलेला आणि त्यात ओलं खोबरं असेल तर मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत वास यायला लागतो. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याऐवजी शेंगदाण्याचं कूट घाला, आमच्याकडे तसंही सगळ्यात कूटच असतं.

झाकण घट्ट बसून निघत नाही हा तर आमच्या वर्गात रोजचा कार्यक्रम. कुणी कर्कटक घालतं, कुणी बेंचवर आपटतं, एकदा एका मुलाचं बोट कापलं चांगलं. जोर लावून उपयोग नसतो कारण आत काय होतं की गरम असताना वाफ भरलेली असते, गार झाल्यावर तिचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. म्हणजे आपण झाकणाशी नाही, वातावरणाशी कुस्ती खेळत असतो. कँटीनमधून पसरट भांड्यात गरम पाणी आणा आणि डबा त्यात दोन मिनिटं ठेवा, आतली हवा तापली की झाकण अलगद निघतं. फिजिक्सच्या धड्यात जे वाचून कळलं नव्हतं ते मला त्या डब्यानं कळलं.

रस्सा सांडून जर्नल भिजलं असेल तर उन्हात ठेवू नका, पानं वेडीवाकडी होतात. प्रत्येक ओल्या पानामागे वर्तमानपत्राचा तुकडा, फॅनखाली, कागद दर थोड्या वेळानं बदलायचे, सुकत आलं की वर जड पुस्तकं. जेल पेननं लिहिलेलं बहुतेक फुटतं, बॉलपेननं लिहिलेलं टिकतं. मी जर्नल तेव्हापासून बॉलपेननंच लिहिते.

एसटीतल्या बारीकसारीक गोष्टी

गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, मुलांनाही ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया भरायचा. तरी पास काढला नाही म्हणून रोज तिकीट घेणारी मुलं मी बघितलीत, फक्त कॉलेजचा दाखला आणायचा कंटाळा. पासची तारीख पाठ ठेवा, संपायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी रांगेत उभं राहा. आणि तो पास घर ते कॉलेज एवढाच चालतो, रविवारी दुसरीकडे निघालो तर तिकीट लागतं. महिलांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून.

सुट्टे नसले की कंडक्टर काका तिकिटामागे उरलेले पैसे लिहून देतात, ते तिकीट आपण चाळा म्हणून गुंडाळतो आणि खिडकीतून टाकून देतो आणि स्टँडवर आठवतं. तिकीट मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायची सवय लावा.

व्हॉट्सॲपचा मेसेज चुकीच्या ग्रुपवर गेला तर

आधी श्वास घ्या. घाबरून बहुतेकजण "डिलीट फॉर मी" दाबतात आणि मग तो मेसेज आपल्याला सोडून सगळ्यांना दिसत राहतो. तसं झालं तर खाली काही सेकंद अनडू येतं, ते लगेच दाबा, मग "डिलीट फॉर एव्हरीवन". हे साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं, आणि नुसता शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं.

पण. मी दिवाळीत मावशीबद्दल एक वाक्य मैत्रिणीला लिहिलं आणि ते गेलं घरच्या ग्रुपवर. मिनिटभरात डिलीट केलं. मावशीनं वाचलेलं होतं. दोन दिवस कुणीच काही बोललं नाही आणि मला जेवण जाईना. शेवटी मी पप्पांबरोबर गाडीवर बसून तिच्या घरी गेले, ती चकल्या पाडत होती, मी शेजारी बसून सोऱ्या हातात घेतला आणि म्हटलं, मावशी, तू सगळ्यांसमोर माझे मार्क विचारतेस ते मला फार लागतं, म्हणून तसं लिहिलं, पण तसं लिहायला नको होतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं मला वाटायचं मी कौतुकानं विचारते." तिला माहीतच नव्हतं. मी तरी कधी सांगितलं होतं?

आणि मैत्रिणीशी अबोला

आमच्याकडे एसटीत जागा धरायची पद्धत म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा. माझी मैत्रीण आणि मी एकमेकींसाठी टाकायचो, कायम. एके दिवशी मी तिच्यासाठी धरलेल्या जागेवर बाजारचं गाठोडं घेतलेल्या एका आज्जींना बसवलं, तिला उभं राहावं लागलं, आणि ती माझ्याशी बोलायची बंद झाली. चार दिवस. मी सॉरीचे मेसेज पाठवले, हृदयाचे इमोजी पाठवले, एकदा "सॉरी, पण आज्जी होत्या ना" असंही लिहिलं. ती फक्त वाचायची. सॉरीच्या पुढे "पण" लावलं की ते सॉरी राहत नाही, ही चूक तर नकाच करू.

पाचव्या दिवशी मी मेसेज न करता स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ तिला गाठलं आणि सरळ विचारलं, जागेचंच आहे का दुसरं काही? तिचे डोळे भरले. आम्ही चौघीजणींनी केमिस्ट्रीचा क्लास लावायचं ठरवलं होतं आणि तिला विचारलंच नव्हतं, तिच्या घरी फीचं जमणार नाही असं आम्ही आमचंच धरून चाललो होतो. ती म्हणाली, "विचारायचं तरी होतं ना, नाही मी म्हटलं असतं."

मग आम्ही दोघी एक रस अर्धा अर्धा प्यायलो. क्लास तिनं नाहीच लावला, पण दर शनिवारी मी माझी वही घेऊन तिच्या घरी जाते, ती मला गणित समजावते आणि मी तिला केमिस्ट्री. सकाळी फाट्यावर गाडी आली की आता ती खिडकीतून रुमाल टाकते आणि मी दारातून चढते, आणि कुणी आज्जी दिसल्या तर आम्ही दोघीही उभ्या.