रबाळ्यातल्या गाळ्यात सौर विजेवर चालणारा मेम्ब्रेन इलेक्ट्रोलायझर: आखणी कुठून सुरू करावी

नवी मुंबईतील रबाळे, महापे किंवा तुर्भे येथील एखाद्या गाळ्याच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवायचे आणि त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, असा बेत करणारे बहुतेक जण एप्रिलच्या भर उन्हातला प्रवाह धरून मेम्ब्रेन, म्हणजे सेलमधला पातळ पडदा, निवडतात. माझ्या मते आखणी उलट्या टोकाकडून सुरू करावी. जुलैच्या ढगाळ दुपारी पॅनेल किती कमी वीज देईल, हा आकडा आधी काढावा. कारण मेम्ब्रेनची जाडी आणि हायड्रोजनचा दाब या दोन्ही गोष्टी त्यावर ठरतात. या लेखात २५ चौरस सेंटीमीटर क्रियाशील क्षेत्राचा एकच सेल उदाहरणादाखल घेतला आहे.

मेम्ब्रेन प्रोटॉनला वाट देते आणि वायूंना अडवते, पण पूर्णपणे नाही. थोडा हायड्रोजन सतत ऑक्सिजनच्या बाजूला झिरपत असतो आणि ही गळती प्रवाहावर फारशी अवलंबून नसते. ती मुख्यतः हायड्रोजनचा दाब, तापमान आणि मेम्ब्रेनची जाडी यांवर ठरते. नॅफिऑन ११७ या मेम्ब्रेनची जाडी सुमारे १८० मायक्रॉन असते. वातावरणीय दाबाला आणि ७० ते ८० अंश सेल्सिअसला तिच्यातली गळती, तेवढा हायड्रोजन बनवायला लागणाऱ्या प्रवाहात मोजून, हिशेबासाठी प्रति चौरस सेंटीमीटर १ मिलिअँपिअरइतकी धरू. हायड्रोजनच्या रेणूमागे दोन आणि ऑक्सिजनच्या रेणूमागे चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ऑक्सिजनमधील हायड्रोजनचे प्रमाण गळतीला प्रवाहघनतेने, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमागच्या प्रवाहाने, भागून दुप्पट केले की मिळते. प्रति चौरस सेंटीमीटर १ अँपिअर प्रवाह असताना ते ०.२ टक्के येते, ०.१ अँपिअरला २ टक्के होते आणि ०.०५ अँपिअरला ४ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे हायड्रोजन पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाशी पोहोचते. यंत्र २ टक्क्यांवर बंद व्हावे असे ठरवले, तर या सेलचा किमान प्रवाह २.५ अँपिअर होतो.

आता हीच आकडेमोड ५० मायक्रॉनच्या नॅफिऑन २१२ साठी करून पाहावी. जाडी सुमारे साडेतीन पट कमी, म्हणून गळती तितकीच अधिक आणि किमान प्रवाहघनता ०.३५ अँपिअरच्या आसपास. भर उन्हात सेलच्या दर चौरस सेंटीमीटरला १ अँपिअर देणारे पॅनेल ढगाखाली पाचव्या हिश्श्यावर आले, तर ०.२ अँपिअरवर ११७ सुरक्षित राहते आणि २१२ राहत नाही. हायड्रोजन १० बार दाबावर घ्यायचा म्हटले तर गळती दहापट होते, ११७ ची किमान प्रवाहघनताही १ अँपिअरवर जाते, आणि मग भर उन्हाखेरीज तिलाही थांबावे लागेल. पातळ मेम्ब्रेनचा मोह मला समजतो. तिचा रोध ०.०५ ओहम चौरस सेंटीमीटरच्या आसपास, तर ११७ चा ०.१८, म्हणजे १ अँपिअरला ०.१३ व्होल्टची बचत. परंतु छपरावरच्या पॅनेलसाठी मी ११७ घेतो, हायड्रोजन वातावरणीय दाबाला ठेवतो आणि किमान प्रवाह टिकवायला एक छोटी बॅटरी जोडतो. प्रवाह थांबल्यावरही कॅथोडकडचा हायड्रोजन झिरपतच राहतो, म्हणून बंद करताना ती बाजू नायट्रोजनने धुवावी. हे नियंत्रकातच लिहून टाकावे, माणसाच्या आठवणीवर सोडू नये.

पूर्ण प्रवाहाला, म्हणजे २५ अँपिअरला, हा सेल मिनिटाला सुमारे १९० मिलिलिटर हायड्रोजन देतो आणि व्होल्टता १.८ ते १.९ असावी. १.४८ व्होल्टच्या वर जे काही जाते त्याची उष्णता होते. ती येथे १० वॅटच्या आसपासच असल्याने फिरते पाणी ती सहज उचलते. पाण्याचा हिशेब मात्र अनेकांना चकवतो. विघटनात तासाला साडेआठ ग्रॅमच्या आसपासच पाणी संपते, पण प्रत्येक प्रोटॉन आपल्याबरोबर तीनेक पाण्याचे रेणू ओढून नेतो, त्यामुळे त्याच तासात सुमारे ५० ग्रॅम पाणी हायड्रोजनच्या बाजूला येऊन पडते. तिथला वायू-पाणी विभाजक या आकड्यावर बेतावा आणि जमलेले पाणी टाकीत परत घेताना त्यात विरघळलेला हायड्रोजन आधी मोकळा होऊ द्यावा.

साहित्याच्या निवडीत एक नियम कडक आहे: ॲनोडला, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूला, कार्बन चालत नाही, कारण तिथल्या व्होल्टतेला तो ऑक्सिडाइझ होऊन झिजतो. त्या बाजूला इरिडियम ऑक्साइडचा थर, प्रति चौरस सेंटीमीटर १ ते २ मिलिग्रॅम, आणि मागे प्लॅटिनमचा मुलामा दिलेली सच्छिद्र टायटॅनियमची चकती घ्यावी. मुलामा नसेल तर टायटॅनियमवर रोधक ऑक्साइड चढतो. कॅथोडला कार्बनवरचे प्लॅटिनम ०.५ मिलिग्रॅमपर्यंत आणि कार्बन पेपर पुरतो. उत्प्रेरकाची शाई करताना कोरड्या प्लॅटिनम-कार्बनवर आधी पाणी घालावे आणि मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण कोरड्या भुकटीवर थेट अल्कोहोल पडले तर ते पेटू शकते.

सर्वाधिक वेळ गॅस्केटला, म्हणजे कडेने गळती रोखणाऱ्या पत्र्याच्या चौकटीला, द्यावा. टायटॅनियमची चकती जवळजवळ दबत नाही, म्हणून त्या बाजूचे गॅस्केट चकतीच्या बरोबरीने हवे आणि दाबाचा सारा भार कार्बन पेपरने घ्यायला हवा. पेपर ०.२८ मिलिमीटरचा असेल तर त्या बाजूचे गॅस्केट दाबाखाली ०.२२ मिलिमीटर राहावे, म्हणजे पेपर पाचव्या हिश्श्याने दबतो. माझ्या पहिल्या सेलसाठी मी ०.२५ चा म्हणून आणलेला पत्रा मायक्रोमीटर न लावताच कापला. सेल २५ अँपिअरला २.३ व्होल्ट घेऊ लागला, आणि मी दोष बोल्टच्या ढिलाईत शोधत पाना फिरवत राहिलो. उघडल्यावर दिसले की गॅस्केट एका कोपऱ्यात ०.२९ होते, तिथे पेपर टेकलाच नव्हता, आणि समोरच्या कोपऱ्यात टायटॅनियमचा एक तंतू मेम्ब्रेनमधून आरपार गेला होता. तेव्हापासून मी आधी मेम्ब्रेनच्या जागी पांढरा कागद आणि बिलबुकातला कार्बन कागद ठेवून सेल कसून पाहतो. सेलच्या प्लेटांवरील वाहिन्यांच्या कडांचे ठसे चारही कोपऱ्यांत सारख्याच गडदपणे उमटले, तरच मेम्ब्रेन बसवतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत.

मेम्ब्रेन कोरडी कापायची असेल तर ओली झाल्यावर ती लांबी-रुंदीत १० ते १५ टक्के वाढते, हे धरून कापावी. बसवण्याआधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, शुद्ध पाणी, ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि पुन्हा शुद्ध पाणी, अशी ८० अंशांवर प्रत्येकी तासभर तिची प्रक्रिया करावी. बसवल्यावर सेल कधीही कोरडा पडू देऊ नये.

पाण्याची वाहकता सेंटीमीटरला १ मायक्रोसिमेन्सच्या खाली हवी. टीडीएस पेन आरओच्या पाण्याला शून्य दाखवते म्हणून ते पाणी चालेल असे समजू नये. १ मायक्रोसिमेन्स म्हणजे पेनच्या मोजणीत अर्धाच पीपीएम, जो तिला दिसत नाही. बारवी धरणाचे असो वा मोरबे धरणाचे, नळाचे पाणी आरओनंतर आयन काढून घेणाऱ्या मिश्र रेझिनमधून न्यावे, फिरत्या पाण्याचा एक फाटा सतत रेझिनमधून ठेवावा आणि मार्गात पितळी जोड टाळावेत. कॅल्शियमचा एक आयन प्रोटॉनच्या दोन जागा अडवतो, आणि लोह तर पेरॉक्साइडशी मिळून मेम्ब्रेनच खाऊ लागते.

हाच साचा हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला वापरायचा झाल्यास दोन्ही बाजूंना कार्बन पेपर चालतो, पातळ मेम्ब्रेन हिताची ठरते आणि काम ०.६ ते ०.७ व्होल्टला होते. तिथली मुख्य अडचण मेम्ब्रेन ओली ठेवून साचलेले पाणी बाहेर काढण्याची असते.

पहिल्यांदा चालवताना नायट्रोजन आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासावी. हायड्रोजनची नळी पत्र्याच्या सर्वांत उंच कडेबाहेर न्यावी, कारण तो गाळ्यात सुटला तर छपराखालीच साचतो. मग प्रवाह २.५ अँपिअरच्या टप्प्यांनी चढवत प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबून व्होल्टता आणि ऑक्सिजनमधील हायड्रोजन, दोन्ही वहीत नोंदवावेत. वर धरलेली १ मिलिअँपिअरची गळती खरी किती, हे याच नोंदींवरून कळते, आणि नियंत्रकातली किमान प्रवाहाची मर्यादा त्याच आकड्यावर बदलून ठेवावी.