हँडहेल्डवर लिनक्स कर्नल पोर्ट करताना असेंब्लीचा भाग कसा लिहावा

कर्नल (लिनक्सचा गाभा) नव्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात मावणाऱ्या संगणकावर, चालवायचा म्हटलं की असेंब्लीची, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहायच्या कोडची, धास्ती वाटते. खरं तर असेंब्ली थोडीच लिहावी लागते. अडचण ही की ती चालत असताना स्क्रीन नसते, प्रिंटएफ (सीमधलं मजकूर छापायचं फंक्शन) नसतो आणि चूक झाली तर यंत्र नुसतं गप्प बसतं. म्हणून माझा आग्रह असा, की आधी सीरियल पोर्टवरून एक अक्षर बाहेर काढा. ते दिसेपर्यंत पुढच्या कशालाही हात लावू नका.

उदाहरणाला कॉम्पॅकचा आयपॅक ३६०० घेऊ. २००० साली आलेलं हे यंत्र विंडोज सीईचं, पण त्यावर लिनक्स लगेच चढला. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म एसए-१११०, रॅम ३२ एमबी, फ्लॅश १६ एमबी. यंत्र हाताशी नसेल तर क्यूईएमयू या यंत्रांचं अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या ‘कॉली’वर सराव करा. ते याच प्रोसेसरच्या शार्प झॉरस एसएल-५५०० चं अनुकरण आहे.

पायरी १ : टूलचेन (कोड तयार करायची साधनं)

जीएनयूचा आर्मसाठीचा क्रॉस असेंबलर (आपल्या संगणकावर चालून आर्मचा कोड बनवणारा) पुरतो, पण आर्किटेक्चर आर्मव्ही४ असंच सांगा. स्ट्राँगआर्ममध्ये थंब (१६ बिटी सूचनांचा संच) नाही आणि त्या संचात ये-जा करणारी ‘बीएक्स’ ही उडीची सूचनाही नाही. आजचे कंपायलर फंक्शनमधून परतताना सर्रास बीएक्स वापरतात. इथे त्यानं सरळ अपवाद येतो. परतण्यासाठी एलआर (परतीचा पत्ता ठेवणारा) रजिस्टर पीसीत (चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) टाका.

पायरी २ : कर्नलच्या दारात काय मिळतं ते पाहा

बूटलोडर (यंत्र सुरू होताच कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) कर्नलला हाक मारतो तेव्हा एमएमयू (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारा भाग) बंद, डेटा कॅशे बंद, इंटरप्ट बंद आणि प्रोसेसर सुपरवायझर मोडमध्ये (कर्नलच्या पूर्ण हक्कांच्या मोडमध्ये) असायला हवा. आर० मध्ये शून्य, आर१ मध्ये यंत्राचा नोंदणी क्रमांक (आयपॅक ३६०० चा २२), आर२ मध्ये बूट माहितीच्या यादीचा पत्ता. हे तीन रजिस्टर जपा. तुमची चाचणीची असेंब्ली आर४ च्या पुढचे रजिस्टर वापरू दे.

बूटलोडर फ्लॅशच्या सुरुवातीला, पत्ता शून्यावर असतो. तो भाग पुसला गेला तर जेटॅगशिवाय (चिपशी थेट बोलणाऱ्या जोडणीशिवाय) सुटका नाही. प्रयोग रॅममध्येच करा.

पायरी ३ : पहिलं अक्षर

एसए-१११० चा तिसरा सीरियल पोर्ट हेक्स ८००५०००० या पत्त्यावर आहे. तिथून ३२ बाइट पुढे स्थितीचा रजिस्टर, २० बाइट पुढे डेटाचा. एलडीआरनं स्थिती वाचा, टीएसटीनं २ क्रमांकाचा बिट तपासा (बिट शून्यापासून मोजायचे). तो शून्य असेल तर पाठवायची रांग भरलेली आहे, पुन्हा वाचा. तो १ झाला की एसटीआरनं ६५ हा आकडा डेटा रजिस्टरवर लिहा. टर्मिनलवर कॅपिटल ‘ए’ उमटायला हवा.

याचं फंक्शन न करता मॅक्रो करा. अजून स्टॅक नाही, त्यामुळे बीएल (फंक्शनला हाक मारणारी सूचना) वापरलंत की आधीचा एलआर गेलाच.

तुमच्या कोडआधी बूटलोडर चाललेला नसेल तर पोर्ट स्वतः चालू करावा लागतो. वेगाचं गणित सोपं आहे : ३.६८६४ मेगाहर्ट्झला १६ नं भागा, मग ११५२०० नं भागा. उत्तर २ येतं. त्यातून १ वजा करून उरलेला १ बॉड रजिस्टरमध्ये जातो. १२ बाइट पुढच्या नियंत्रण रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट लावला की पाठवणी सुरू.

आयपॅकवर आणखी एक खोच आहे. सीरियलच्या पातळी बदलणाऱ्या चिपची वीज हेक्स ४९०००००० वरच्या एका लॅचमधून (लिहिलेले बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटमधून) मिळते आणि हा लॅच फक्त लिहिता येतो, वाचता येत नाही. एकच बिट लावायला गेलात तर बाकीचे शून्य होतात. त्याची प्रत मेमरीत ठेवून त्यातूनच बदल करा. सुरुवातीच्या असेंब्लीत तर त्याला शिवूच नका.

पायरी ४ : पेज टेबल

कर्नल रॅमच्या सुरुवातीपासून ३२ केबीवर बसतो, आणि त्याच्या लगेच आधीचे १६ केबी पेज टेबलाचे (आभासी पत्त्यांना भौतिक पत्ते जोडणाऱ्या तक्त्याचे). ४०९६ नोंदी, प्रत्येकी चार बाइट, एक नोंद म्हणजे १ एमबीचा सेक्शन. नोंदीचे वरचे १२ बिट म्हणजे भौतिक पत्ता, १० व ११ क्रमांकाचे बिट परवानगीचे आणि तळाचे दोन ‘१०’ म्हणजे सेक्शन.

आधी सगळं टेबल शून्य करा. कर्नलचा आभासी पत्ता ३ जीबीपासून, म्हणून ३०७२ क्रमांकाची नोंद भरा. चाचणीपुरती २०४८ क्रमांकाचीही भरा, कारण सीरियल पोर्ट त्या एमबीत आहे. ती विसरलात तर एमएमयू लागताच अक्षरं बंद, आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसाल.

पायरी ५ : एमएमयू चालू

टेबल तयार झालं की कॅशे आणि टीएलबी (पत्त्यांच्या रूपांतरांची छोटी कॅशे) रद्द करा. टेबलचा पत्ता कोप्रोसेसर १५ (एमएमयू आणि कॅशेचं नियंत्रण करणारा) च्या रजिस्टर २ मध्ये टाका, डोमेनचे (मेमरीच्या गटांचे) हक्क रजिस्टर ३ मध्ये, आणि शेवटी रजिस्टर १ चा शून्य क्रमांकाचा बिट लावा. त्या क्षणी पीसीत भौतिक पत्ता असतो, पण पुढची सूचना आभासी पत्ता समजून आणली जाते. म्हणून ज्या एमबीत कोड चालतो आहे, तो त्याच पत्त्यावर मॅप असावा लागतो.

आयपॅकवर रॅम भौतिक पत्त्यातही ३ जीबीपासूनच सुरू होते, त्यामुळे हे फुकटात साधतं. इथे चालणारा कोड म्हणूनच फसवा असतो. एक्सस्केल पीएक्सए२५५ च्या हँडहेल्डवर रॅम अडीच जीबीवर असते. तिथे २५६० क्रमांकाची नोंद वेगळी भरावी लागते आणि पत्ते पीसीच्या सापेक्ष काढावे लागतात.

पायरी ६ : सीकडे

स्टॅक पॉइंटर लावा, बीएसएस (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलची जागा) शून्य करा, स्टार्ट कर्नल या कर्नलच्या सी फंक्शनवर उडी मारा. टायमरला तोच ३.६८६४ मेगाहर्ट्झचा ठोका : सेकंदाला १०० टिकांसाठी दर ३६८६४ ठोक्यांनी इंटरप्ट. हे सगळं आता सीमध्ये लिहा.

पायरी ७ : झोप आणि जाग

हँडहेल्ड दिवसभर झोपतो-उठतो, आणि हा भाग पुन्हा असेंब्लीचा. रजिस्टर रॅममध्ये साठवा, जागं झाल्यावर जिथून चालायचं तो भौतिक पत्ता हेक्स ९००२०००८ वर लिहा, रॅमला सेल्फ-रिफ्रेशमध्ये (ती स्वतःच आपली माहिती टिकवते त्या अवस्थेत) टाका आणि हेक्स ९००२०००० चा शून्य क्रमांकाचा बिट लावा. रॅम सेल्फ-रिफ्रेशमध्ये गेल्यावर तिथून सूचना आणता येत नाहीत, त्यामुळे शेवटच्या सूचना आधीच कॅशेत हव्यात. त्या ३२ बाइटांच्या सीमेवर अलाइन करा.

जाग येते ती रीसेट होऊन. बूटलोडरनं हेक्स ९००३०००४ चा ३ क्रमांकाचा बिट पाहायचा. तो लागलेला असेल तर रॅमची चाचणी किंवा सफाई न करता साठवलेल्या पत्त्यावर जायचं. तिथे एमएमयू बंदच असतो, म्हणून पाचव्या पायरीचा कोड असा लिहा की इथूनही तोच वापरता येईल.