ब्लॉकवरून सूर मारावा कसा, आणि वेग राखावा कसा

पोहण्याच्या ५० मीटरच्या शर्यतीत मुलगा मागे पडला की आईवडील त्याच्या हातांना दोष देतात. बरेचदा शर्यत पहिल्या १५ मीटरमध्येच हातची गेलेली असते. ब्लॉकवरून, म्हणजे तलावाच्या काठावरच्या सूर मारण्याच्या उंच ओट्यावरून, सुटून पाण्यात शिरताना जो वेग असतो, तो नंतर कितीही हात मारले तरी पुन्हा मिळत नाही. म्हणून लांब उडीपेक्षा तो वेग वाया न घालवणं महत्त्वाचं.

आधी खोली बघा. ब्लॉकच्या बाजूला, भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात किमान १.३५ मीटर पाणी असावं असा स्पर्धेचा नियम आहे; शिकाऊ मुलांसाठी त्याहून खोल असलेलं बरं. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांमधले तलाव चार फुटांचे. तिथे सूर मारायचाच नाही. डोकं तळाला आपटून मानेला कायमची इजा होऊ शकते. ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावासारख्या ठिकाणी, सरांच्या देखरेखीखालीच सराव करा.

१. उभं राहणं. एक पाय पुढे, त्याची बोटं ब्लॉकच्या कडेवर घट्ट वळवलेली, दुसरा मागे. नव्या ब्लॉकवर मागच्या पायासाठी तिरकी, पुढेमागे सरकवता येणारी पट्टी असते. मागचा गुडघा साधारण काटकोनात येईल अशी ती लावा. कंबर उंच, मान सैल, हातांनी कड धरलेली. कोणता पाय पुढे ठेवायचा? दोन्ही प्रकारे सूर मारून १५ मीटरपर्यंतची वेळ घ्या. घड्याळ सांगेल तो पाय.

२. सुटणं. ‘टेक युअर मार्क्स’नंतर पुतळा व्हा, संकेताआधी सुटलात की बाद. भोंगा वाजताच हातांनी ब्लॉक ओढा आणि मागच्या पायाने रेटा द्या. शेवटचा जोर पुढच्या पायाचा. तिरक्या पट्टीचा फायदा इथेच: तळवा मागे टेकलेला असल्याने जोर वर न जाता पुढे जातो.

३. हवेत फार काही करण्यासारखं नसतं. हात कानांमागे, हनुवटी छातीकडे.

४. पाण्यात शिरणं. बोटांनी पाण्याला भोक पाडायचं आणि डोकं, कंबर, पाय त्याच भोकातून आत न्यायचे. बहुतेकांचं इथेच बिनसतं. कंबर वाकलेली राहिली तर मांड्या पाण्यावर आपटतात. फार सपाट पडलं तर पोट भाजतं आणि वेगही मरतो.

५. पाण्याखाली. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर विरोध चौपट. म्हणून सर्वांत वेगात असताना शरीर सर्वांत बारीक हवं. तळहातावर तळहात, दंड कानांना चिकटलेले, पायांची बोटं ताणलेली. शिरल्याशिरल्या लाथा मारू नका. त्या वेगाला पाय ब्रेकचंच काम करतात. वेग उतरू लागला की डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून, लाटेसारखी मारलेली लाथ) सुरू करा. पृष्ठभागाजवळ लाटा उठवण्यात जोर खर्च होतो, त्यामुळे अर्धा-पाऊण मीटर खोल राहणं फायद्याचं. फ्रीस्टाइल, बटरफ्लाय, बॅकस्ट्रोकमध्ये १५ मीटरपर्यंत डोकं बाहेर यायलाच हवं. ब्रेस्टस्ट्रोकचे नियम निराळे. ते सरांकडून शिकून घ्या. किक कच्ची असेल तर १५ मीटरचा हट्ट नको, आधीच वर या.

दोषाचं मूळ शोधायला मोबाइलवर बाजूने, पाण्याच्या उंचीवरून व्हिडिओ काढा आणि कंबर कुठे शिरते तेवढंच बघा. पण आधी ऑफिसात परवानगी विचारा. अनेक तलावांवर मोबाइल आत नेऊ देत नाहीत.